श्रीचा खण

संगणकाच्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला हार्ड डिस्कचा एक बारीक लाल दिवा असतो. डिस्क काम करत असली की तो लुकलुकतो. गेल्या पावसाळ्यात वाईला गेले तेव्हा तो लुकलुकत नव्हता, सलग पेटलेला होता. आण्णा समोर हाताची घडी घालून बसले होते. पडद्यावर एका जुन्या लग्नपत्रिकेचं स्कॅन अर्धं उमटलं होतं, खालचा भाग नुसता करडा. "येईल आता," आण्णा म्हणाले. मी आत जाऊन मेथीची जुडी निवडून आले. करडा भाग करडाच होता आणि आण्णाही तसेच बसलेले होते.

वाई म्हटलं की कुणाला ढोल्या गणपती आठवतो, कुणाला विश्वकोश. आमच्या घरात वाई म्हणजे छापखाना. आण्णा, म्हणजे माझे वडील, जुळारी. १९६९ पासून पंचवीस वर्षं त्यांनी एका लहानशा छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवले. पुढे ऑफसेट आलं, खिळ्यांची गरज संपली, तेव्हा पंचेचाळिशीच्या या माणसाने डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं मांडणं, शिकून घेतलं आणि घरातल्या पुढच्या खोलीत पत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका करून द्यायला सुरुवात केली. आता ते पंचाहत्तरीत आहेत. धंदा थांबला, पण त्यांनी जुळवलेल्या जवळजवळ प्रत्येक कामाची एक नमुना प्रत एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, विकास सोसायटीचे अहवाल, शाळेच्या स्मरणिका. दोन वर्षांपूर्वी ट्रंकेच्या एका कोपऱ्यात वाळवी लागली, काही गठ्ठे गेले, आणि आण्णांनी उरलेलं सगळं स्कॅन करायला घेतलं.

त्यांचा संगणक २०१२ सालचा. इंटेलचा आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमची, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, २ जीबीची एकच पट्टी आणि ३२-बिट विंडोज ७. तेव्हा पत्रिका करायला तेवढं पुष्कळ होतं.

धाकटा भाऊ म्हणाला, नवा लॅपटॉप घेऊन टाकू. त्याचं म्हणणं प्रेमातलंच होतं, पण त्याने त्या कॅबिनेटच्या मागची बाजू कधी पाहिली नसावी. तिथे पंचवीस पिनांच्या जुन्या पॅरलल पोर्टला एक बोटभर लांबीचं प्लास्टिकचं ठोकळं खोचलेलं आहे. ते डोंगल म्हणजे आण्णांच्या डीटीपी सॉफ्टवेअरचं कुलूप. ते काढलं की सॉफ्टवेअर उघडत नाही. आणि सॉफ्टवेअर उघडलं नाही तर १९९८ पासूनच्या सगळ्या फायली मुक्या. युनिकोड ही सगळीकडे सारखी चालणारी संकेतपद्धत रुळण्याआधी मराठी फाँटांची प्रत्येकाची आपापली संकेतपद्धत होती. आण्णांच्या फाइलमध्ये जे 'शुभविवाह' दिसतं ते दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन येतं. नव्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नसतो. म्हणजे हा संगणक ठेवायचा होताच. प्रश्न एवढाच होता की त्याला आणखी काही वर्षं नीट काम करता येईल असं काय द्यायचं.

त्या दुपारी मी कुठला प्रोग्राम किती रॅम घेतो ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बसले. रॅम काठोकाठ भरलेली होती. त्याचं गणित सोपं आहे, आणि मला वाटतं की रॅम घेण्याआधी प्रत्येकाने ते एकदा स्वतः करावं. ए४ आकाराचं पान ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन केलं की साधारण ४,९६० गुणिले ७,०१६ एवढे ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. गुणाकार दहा कोटींवर जातो. म्हणजे एक पान उघडं ठेवायला जवळपास १०० एमबी. फाइल डिस्कवर दाबून बसवलेली असल्याने लहान दिसते, पण पडद्यावर उघडली की ती रॅममध्ये पूर्ण उलगडते. वर चित्र सुधारणारं सॉफ्टवेअर आधीच्या बदलांच्या प्रतीही जपून ठेवतं. बारा पानांची पत्रक-पुस्तिका एकदम उघडली की सव्वा जीबी त्यातच जाते, आणि विंडोज व ब्राउझरला उरलेल्यात अंग चोरून बसावं लागतं. मग संगणक रॅममधला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. फिरत्या हार्ड डिस्कला एखादी जागा शोधायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. रॅमला तेच काम नॅनोसेकंदांत, शंभराच्या आत-बाहेर, जमतं. फरक साधारण लाखपटीचा. तो लाल दिवा सलग पेटलेला होता तो या ने-आणीमुळे.

हे मी आण्णांना सांगितलं. ते ऐकून घेत होते, मधेच म्हणाले, "म्हणजे खिळे कमी पडतात."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल मी कधी विचारलं नव्हतं हे मला तेव्हा लक्षात आलं. छापखान्यात मजकुराचा टाइप होता आठ पानांपुरता. स्मरणिका चौसष्ट पानांची असली तरी एका वेळी आठच पानं उभी करता यायची. आठ पानं जुळवायची, प्रूफ काढायचं, मास्तरांकडे पाठवायचं, दुरुस्त्या करायच्या, छापायची. मग फर्मा, म्हणजे एका वेळी उभी केलेली ती आठ पानं, सोडायचा; प्रत्येक खिळा धुऊन परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा, आणि पुढची आठ पानं घ्यायची. देवनागरीला शेकडो तऱ्हेचे खिळे लागतात, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, त्यामुळे हे परत टाकणंही जुळवण्याइतकंच निगुतीचं. एखाद्या मास्तरांनी प्रूफ आठवडाभर अडवून ठेवलं की तेवढा टाइप त्या पानांत अडकून राहायचा आणि बाकीची कामं खोळंबायची.

"लग्नसराईत तर श्रीचा खण आधी रिकामा," आण्णा म्हणाले. "प्रत्येक पत्रिकेत वीस-वीस श्री. चि. आणि सौ. कां. तसेच. मग एका पत्रिकेतून काढून दुसरीत. चोवीस पॉइंटातला एक श्री खालून तुटलेला होता, तो खरं तर वितळायला टाकायचा. पण टाकणार कसा? मोजके तर श्री."

आणि मग त्यांनी मला प्रश्न विचारला, ज्याभोवती पुढची सगळी निवड झाली. "तुझा फर्मा किती पानांचा?"

दुकानात कुणी हा प्रश्न विचारत नाही. तिथे विचारतात, चार घालू की आठ? ओळखीतले लोक सरळ सोळा म्हणतात, कारण जास्त असलेली बरी. मला हे पटत नाही. आण्णांना काय हवं होतं ते त्यांनी नेमकं सांगितलं: वेगवेगळ्या वर्षांच्या पत्रिका शेजारी शेजारी ठेवून बघायच्या, एका वेळी पंधरा-सोळा पानं. सोळा पानांची दीड जीबी, चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या प्रती धरून तीन-साडेतीन, ऑपरेटिंग सिस्टिम आणि भजनांचा एक ब्राउझर मिळून दोन-अडीच. बेरीज सहाच्या आसपास. आठ जीबीत हे मोकळेपणी बसत होतं. बोर्डाची मर्यादा सोळाची, दोन खाचांत आठ-आठ. पण सोळा घेऊन आण्णांच्या कामात तसूभर फरक पडला नसता.

आकडा ठरला, तरी एक मोठी अडचण समोर होतीच. ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिमला मोजता येणारे पत्तेच ४,२९,४९,६७,२९६ असतात, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखीव जातात, त्यामुळे विंडोज ७ च्या ३२-बिट आवृत्तीत प्रत्यक्षात तीन-सव्वातीन जीबीच हाताला लागते. आठ घाला नाहीतर सोळा, वरचं सगळं तिला दिसतच नाही. कितीतरी जुन्या संगणकांवर लोकांनी पैसे खर्चून रॅम वाढवली आहे आणि फरक पडला नाही म्हणून हळहळले आहेत, ते पुष्कळदा यामुळे. ६४-बिट विंडोज टाकावं तर डोंगलचा जुना ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजला ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, तिथे चालत नाही. म्हणजे रॅमला ६४-बिट हवं आणि कुलपाला ३२.

दोन-तीन रात्री मी याचा विचार करत होते. शेवटी दोघांनाही आपापली जागा द्यायची असं ठरवलं. जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी ठेवली, तिच्यावरचं विंडोज ७ फक्त जुन्या फायलींसाठी. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार जानेवारी २०२० मध्ये थांबवला असल्याने त्याला इंटरनेट द्यायचं नाही. शेजारी २४० जीबीची एक एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली जलद डिस्क, लावून तिच्यावर लिनक्स मिंट ही ६४-बिट मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. संगणक सुरू करताना कुठल्या डिस्कवरून जायचं ते निवडायचं. आण्णांचा स्कॅनर मिंटवर चालतो का हे मी आधी पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून पाहिलं. चालला. तसं न करता आधी खरेदी करू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

आता पट्टी निवडायची. कॅबिनेटचं झाकण काढलं. आत दहा वर्षांची धूळ, पंख्याच्या पात्यांवर नमदा साचलेला, एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफलं. रंगाच्या कोरड्या ब्रशने सगळं हळूहळू साफ केलं. रॅमची पट्टी काढून उजेडात धरली. तिच्यावरच्या चिठ्ठीत जे छापलेलं असतं ते वाचायला मी त्या दिवशी शिकले, आणि एकदा वाचता आलं की ते सातबाऱ्यासारखं सगळं सांगतं. पीसी३ म्हणजे डीडीआर३ पिढी. त्याच्या पुढचा १०६०० हा आकडा म्हणजे सेकंदाला साधारण १०,६०० एमबी एवढी वाहतूक. १३३३ च्या वेगाला आठ बाइटांनी गुणलं की हाच आकडा येतो. १२८०० असेल तर ती १६०० ची. शेवटचं यू अक्षर म्हणजे साध्या डेस्कटॉपची पट्टी. तिथे आर असेल तर ती सर्व्हरची. सर्व्हरच्या पट्ट्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, खाचही जुळते, बसतातही, पण अशा बोर्डावर चालत नाहीत. आणि सुरुवातीला १आर×८ किंवा २आर×८ असं काहीतरी असतं, त्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. ते मला महागात पडलं.

पिढ्यांचं म्हणाल तर ते गोंधळाचं नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण खाचेची जागा वेगळी, त्यामुळे एकीत दुसरी बसत नाही. डीडीआर४ ला २८८ पिना. लॅपटॉपची डीडीआर३ आखूड, २०४ पिनांची. डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते. एल अक्षरवाली १.३५ व्होल्टवर चालण्यासाठी केलेली असली तरी तिला दीड व्होल्टही चालावेत अशीच तिची रचना असते. १६०० ची पट्टी १३३३ च्या प्रोसेसरवर लावली तर ती निमूट १३३३ ने चालते.

मी ऑनलाइन एक आठ जीबीची पट्टी मागवली. नवी, आणि इतरांपेक्षा बरीच स्वस्त. वाईला नेली, बसवली, बटण दाबलं. पडदा काळा आणि आतून लांब शिट्ट्या, थांबून थांबून. आण्णा दारात उभे होते. मी पट्टी काढली, पिना खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या, खाच फुंकरीने झाडली, परत लावली. शिट्ट्या तशाच. दुसऱ्या खाचेत लावली. तशाच. जुनी पट्टी लावली की संगणक सुरू. वाईचा पाऊस, ओलसर हवा, पिनांवर चढलेला थर, असं सगळं मी मनात धरत होते. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण बोर्डालाच काही झालं असेल तर आण्णांच्या सगळ्या जुन्या फायली गेल्या, ही भीती होती.

पुण्याला परतल्यावर पट्टी घेऊन बुधवार पेठेत गेले, तापकीर गल्लीच्या आसपास. एका माडीवरच्या दुकानात जुने मदरबोर्ड भिंतीला टांगलेले होते. तिथल्या मुलाने पट्टी हातात घेतली, चिठ्ठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ताई, ही एएमडीची आहे. इंटेलवर उठणार नाही."

त्याने समजावलं ते मी नंतर घरी बसून पूर्ण समजून घेतलं. प्रोसेसर रॅमशी एका वेळी ६४ बिटांची देवाणघेवाण करतो. पट्टीवरची एकेक चिप आठ बिट देत असेल तर आठ चिपांचा एक गट होतो; चार बिट देत असेल तर सोळा चिपांचा. आण्णांच्या संगणकातला इंटेलचा मेमरी कंट्रोलर, म्हणजे प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग, आठ किंवा सोळा बिटांच्या चिपा ओळखतो, चार बिटांच्या नाही. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीचे त्या काळातले कंट्रोलर चारच्याही चालवून घेत. म्हणून तशा पट्ट्या फक्त एएमडीसाठी म्हणून स्वस्तात विकल्या जातात. गंमत अशी की डोळ्यांनी दोन्ही सारख्याच दिसतात. आठ जीबीच्या बरोबर पट्टीवरही सोळा चिपा आणि या पट्टीवरही सोळाच. फरक चिठ्ठीवरच्या त्या छोट्या अक्षरांत, २आर×८ ऐवजी १आर×४. विक्रेत्याने वर्णनाच्या शेवटच्या ओळीत ते लिहिलेलंही होतं. मी वाचलं नव्हतं. जुळाऱ्याच्या मुलीने बारीक टाइप वाचायला हवा होता, हे मला फार लागलं.

मुलाने ट्रे काढला. गुलाबी फोमच्या तुकड्यांत खोचलेल्या जुन्या पट्ट्या. त्याच्याकडून मी चार-चार जीबीच्या दोन घेतल्या, एकाच कंपनीच्या, एकाच घडणीच्या, २आर×८, पीसी३-१२८००यू, कुठल्याशा कार्यालयाच्या बदललेल्या संगणकांतून आलेल्या. त्याने समोर एच६१ च्याच बोर्डावर लावून दाखवल्या. दोन्ही मिळून बाराशे रुपये, महिनाभराची टेस्टिंग वॉरंटी.

एक आठची घेण्यापेक्षा दोन चारच्या घ्या, असं त्याने सांगितलं आणि ते खरं आहे. या प्रोसेसरला रॅमकडे जाणारे दोन मार्ग असतात. दोन्ही खाचांत सारखी पट्टी असली की दोन्ही मार्ग एकदम चालतात आणि वाहतूक दुप्पट होते, १०.६ च्या जागी २१ जीबी सेकंदाला. आण्णांच्या संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून जातं, त्यामुळे त्याचा उपयोग तिथे जास्त. पुढे कधी सोळा लागली तर मात्र दोन्ही पट्ट्या काढाव्या लागतील. ते मी स्वीकारलं. आण्णांचा फर्मा सोळा पानांचा आहे, तो बत्तीस पानांचा व्हायचा नाही.

पुढच्या रविवारी मी परत वाईला. वायर काढली, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. पट्ट्या आण्णांनीच बसवल्या. मी देत होते, तर ते म्हणाले, "इकडे दे." त्यांनी पट्टी चिमटीत धरली आणि न बघता अंगठ्याने तिच्या खालच्या कडेवरची खाच चाचपली. खिळ्याच्या अंगालाही अशीच एक खाच असते. जुळारी अक्षराकडे बघत बसत नाही, अंगठ्याला खाच लागली की खिळा सुलटा. पंचवीस वर्षं रोज हजारो वेळा केलेली ती हालचाल तशीच्या तशी होती. दोन्ही टोकांच्या कड्या 'टक टक' करून बसल्या.

पहिल्या प्रयत्नात एकच छोटी शिट्टी, आणि पडदा उजळला. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या बायोसच्या पडद्यावर ८१९२ एमबी. आण्णांनी तो आकडा मोठ्याने वाचला.

जुन्या पट्टीवर एकदम भरवसा ठेवू नये, म्हणून रात्री मेमटेस्ट लावून ठेवलं. तो प्रोग्राम रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहितो, परत वाचून पाहतो, मग उलटे लिहितो. आण्णा बराच वेळ बघत बसले. "प्रूफच काढतोय हा," म्हणाले. मग विचारलं, "वीज गेली तर?" मी म्हटलं, यातलं सगळं जातं. ते का जातं तेही सांगितलं. १९६० च्या दशकात आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यात एक बिट बसवण्याची जी रचना शोधली तीच आजही या पट्ट्यांत आहे. कपॅसिटर म्हणजे बारीक गळकं मडकं. त्यातलं पाणी सारखं झिरपतं, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून परत भरावी लागते. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, संगणक चालू असेतो, सगळीच्या सगळी. आण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "सेकंदाला पंधरा वेळा सगळे खण भरायचे. बापरे." सकाळी साडेसहाला उठून पाहिलं, चुका शून्य.

नंतरची कामं भराभर झाली. मिंट बसलं. आण्णांचा हात टंकलेखन यंत्राच्या कळफलकाला सरावलेला, इन्स्क्रिप्ट हा संगणकावरचा मराठी कळफलक त्यांना रुचला नाही, पण स्कॅनला फाइलचं नाव देण्यापुरतं ते आता त्यावर टाइप करतात. एसएसडीने संगणक सुरू होण्याचा वेळ अर्ध्या मिनिटावर आला. घरच्यांना तोच फरक डोळ्यात भरला आणि भाऊ म्हणाला, बघ, रॅमचं एवढं काही नव्हतं. सुरुवात जलद झाली ती एसएसडीमुळे, यात शंका नाही. एखाद्याला फक्त पत्रं टाइप करायची आणि मेल बघायची असतील तर मी त्याला आधी तीच घ्यायला सांगेन. पण आण्णांचा अडथळा वेगळ्या ठिकाणी होता, आणि तो सुटला का हे मला चार आठवड्यांनी कळलं.

दिवाळीच्या आधी गेले होते. आण्णा संगणकासमोर, चष्मा कपाळावर. लाल दिवा अधूनमधून लुकलुकत होता. पडद्यावर चौदा पत्रिका उघड्या होत्या, खाली त्यांच्या लहान चौकटींची रांग. त्यांनी मला खुर्ची ओढायला लावली.

"ही बघ. शहात्तर सालची." पडद्यावर पत्रिकेचा वरचा भाग मोठा केला होता, इतका की कागदाचे तंतू दिसत होते. श्री गजानन प्रसन्न. त्यातल्या श्रीवर त्यांनी बाण नेला. खालच्या रकाराच्या तिरक्या रेषेचं टोक तुटलेलं होतं, आणि जिथे तुटलं तिथे शाईचा एक बारीक ठिपका.

"आता ही." एकोणऐंशी. दुसरं गाव, दुसरं आडनाव, गुलाबी कागद. वराच्या वडिलांच्या नावाआधीचा श्री. तेच तुटलेलं टोक, तोच ठिपका.

मग ब्याऐंशीची, जावळीतल्या कुठल्याशा खेड्यातली. मग त्र्याऐंशीच्या दोन. आण्णा एका चौकटीतून दुसरीत जात होते, मधे कुठे थांबावं लागत नव्हतं. चौदापैकी नऊ पत्रिकांत त्यांना तो सापडला होता. कधी देवाच्या नावात, कधी मामाच्या, एकदा नुसत्या 'श्रीक्षेत्र' मध्ये. नऊ लग्नं, आठ वर्षांच्या अंतरातली. एकीतून सुटायचा, खणात पडायचा, दुसरीत उभा राहायचा.

"मला वाटायचं तो नंतर कुणीतरी टाकून दिला," आण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दहावी पत्रिका उघडली. पंच्याऐंशीची. मी काही बोलायच्या आत त्यांचं बोट पडद्यावर टेकलं होतं.

"हा बघ. इथे पण आहे."